झाडाच्या सालीखालचे दोन पाट



काजूच्या बागेत पुष्कळदा असे घडते. बारा-पंधरा वर्षांचे, ऐन भरात आलेले झाड एका हंगामात पिवळे पडू लागते. पाने गळतात, फांद्या शेंड्याकडून वाळतात, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत झाड जळणाच्या कामाचे तेवढे उरते. घरात कोणी म्हणतो, दृष्ट लागली. कोणी म्हणतो, जमिनीत कस राहिला नाही. मग खताचे पोते आणून बुंध्याशी ओतले जाते, पण झाड काही सावरत नाही.

अशा झाडाच्या बुंध्याशी बसून जरा नीट पाहावे. साल जागोजागी फुगलेली दिसते, तिच्यातून डिंक वाहिलेला असतो, आणि खाली लाकडाचा भुसा पडलेला असतो. सुरीने साल उचलली की आत वेडेवाकडे बोगदे आणि त्यांत बोटाएवढी पांढरी अळी सापडते. हाच तो रोठा, म्हणजे काजूची खोडे आणि मुळे पोखरणारा किडा. गंमत अशी की या अळीने लाकडाचा फार मोठा भाग खाल्लेला नसतो. खोड तसेच भक्कम उभे असते. तरीही झाड मेले. का?

या प्रश्नाचे उत्तर झाडाच्या आतील रचनेत आहे. ती रचना एकदा समजली की कलम का जगते, माडाची जखम का भरत नाही, वांगी हिरवीगार असतानाच का माना टाकतात, कोणते औषध कोठे द्यावे, अशा अनेक गोष्टींचा उलगडा होतो. तेव्हा आज आपण सालीच्या आत डोकावून पाहू.

वर जाणारा पाट आणि खाली येणारा पाट

आपल्या भातखाचरात किंवा उसाच्या मळ्यात पाण्याचे पाट असतात. झाडाच्या अंगातही तसेच दोन पाट आहेत आणि दोघांची कामे निरनिराळी आहेत.

पहिला पाट मुळांनी शोषलेले पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार वर पानांपर्यंत नेतो. त्याच्या नळ्यांना जलवाहिन्या म्हणतात. आपण ज्याला लाकूड म्हणतो ते बहुतेक याच नळ्यांचे आणि त्यांना आधार देणाऱ्या तंतूंचे बनलेले असते. नवल हे की जलवाहिनी काम करू लागते ती मेल्यावर. अनेक पेशी एकावर एक रचल्या जातात, त्यांच्या भिंती कठीण होतात, मधले पडदे विरघळतात, आतील जिवंत द्रव्य नाहीसे होते आणि मागे एक पोकळ नळी उरते.

दुसरा पाट पानांत तयार झालेली साखर मुळांकडे, फळांकडे, कंदांकडे आणि कोवळ्या शेंड्यांकडे नेतो. त्याच्या नळ्यांना रसवाहिन्या म्हणतात. या नळ्या जिवंत असतात. त्यांच्या आडव्या भिंतींना चाळणीसारखी भोके असतात आणि शेजारी त्यांची देखभाल करणाऱ्या सोबतीच्या पेशी असतात. हा दुसरा पाट असतो कोठे? आंबा, काजू, फणस, कोकम यांसारख्या झाडांत तो असतो सालीच्या आतल्या ओल्या भागात, म्हणजे बाहेरून जेमतेम बोटभर अंतरावर, पुष्कळदा त्याहूनही कमी.

या दोन पाटांच्या मध्ये एक अतिशय पातळ, बुळबुळीत थर असतो. शास्त्रज्ञ त्याला ऊतककर म्हणतात. आपण त्याला वाढीचा थर म्हणू. तो आतल्या बाजूस नवे लाकूड घालतो आणि बाहेरच्या बाजूस नवी साल घालतो. झाडाचा घेर वाढतो तो याच थरामुळे. पावसाळ्यात साल लाकडापासून सहज सुटते आणि हाताला ओलसर लागते, ती या थराच्या कोवळ्या पेशींमुळे.

आता रोठ्याचा कावा ध्यानात येईल. तो आधी साल खातो, मग वाढीचा थर आणि त्यालगतचे कोवळे लाकूड खातो. म्हणजे अन्नाचा पाट तोडतो, दुरुस्ती करणारा गवंडी मारतो आणि पाण्याचा पाटही कुरतडतो. उरलेले भक्कम लाकूड झाडाला उभे ठेवते एवढेच. म्हणून तर जुना फणस आतून पोकळ झाला तरी वर्षानुवर्षे फळे देतो. त्याचे आतले पक्के लाकूड पाणी नेण्याचे काम केव्हाच सोडून बसलेले असते. पाणी वाहते ते बाहेरच्या कोवळ्या लाकडातून. पोकळ झाड जगते, पण ज्याच्या सालीचा पूर्ण घेर निघाला ते मरते.

कडे कापले तर काय होते

ही गोष्ट तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका वैद्याने तपासली होती. इटलीतील मार्चेल्लो माल्पिघी यांनी झाडाच्या फांदीवरून सालीचे कडे काढून टाकले आणि वाट पाहिली. कड्याच्या वरची बाजू फुगली, खालची तशीच राहिली. सालीतून काहीतरी पोषक द्रव्य वरून खाली येते आणि ते तेथे अडून राहते, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्यांचा वनस्पतींच्या रचनेवरील ग्रंथ १६७५ आणि १६७९ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला.

कडे कापलेले झाड लगेच मरत नाही, आणि तेथेच आपली फसगत होते. लाकडातून पाणी वर जातच असते, त्यामुळे पाने हिरवी राहतात. पण मुळांना वरून अन्न मिळत नाही. ती साठवलेल्या शिदोरीवर काही महिने, कधी वर्षभर काढतात. शिदोरी संपली की मुळे मरतात, मग पाणी बंद होते आणि झाड एकाएकी वाळल्यासारखे दिसते. वास्तविक त्याचे मरण फार आधी ठरलेले असते.

बांधावरच्या झाडाला कुंपणाची तार घट्ट गुंडाळणे, लहान कलमाला आधाराची सुतळी बांधून ती वर्षानुवर्षे न सोडणे, गुरांचे दावे रोज एकाच झाडाला बांधून साल घासू देणे, बुंध्याशी पाचोळा जाळणे, या सगळ्यांचा परिणाम कडे कापल्यासारखाच होतो. तारेने झाड आज मरत नाही. झाड जाडजूड होत जाते आणि तार आत रुतत जाते. तार लावायचीच असेल तर खांबाला लावावी. कलमाची पट्टी जोड पक्का झाल्यावर आठवणीने सोडावी.

पण हेच ज्ञान उपयोगातही आणता येते. गुटी कलम म्हणजे दुसरे काय? डाळिंबाच्या, पेरूच्या किंवा लिंबाच्या फांदीवरून अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीचे सालीचे कडे काढतात, उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर खरवडून टाकतात आणि ओले शेवाळ बांधून वर प्लॅस्टिक गुंडाळतात. लाकडातून पाणी मिळत राहते म्हणून फांदी जगते. पानांतून येणारे अन्न कड्याशी अडते आणि तेथे मुळ्या फुटतात. थर खरवडला नाही तर तो नवी साल घालून पूल बांधतो, अन्न खाली निघून जाते आणि गुटी फसते. कित्येकांच्या गुट्या फसतात त्या एवढ्याशा कारणाने.

पाणी माडाच्या शेंड्यावर चढते कसे

विहिरीवर हापसा बसवणाऱ्याला ठाऊक असते की नुसत्या ओढीने पाणी सुमारे दहा मीटरांपेक्षा वर येत नाही. मग वीस मीटर उंच माडाच्या शेंड्यावर ते कोणता पंप चढवतो?

या प्रश्नाने शास्त्रज्ञांना दोन शतके झुलवले. इंग्लंडमधील टेडिंग्टन गावचे धर्मगुरू स्टीफन हेल्स यांना असल्या प्रयोगांची भारी हौस. त्यांनी सूर्यफुलाचे झाड कुंडीसकट रोज तोलून पाहिले. साडेतीन फूट उंचीचे ते झाड दिवसाच्या बारा तासांत अर्ध्या किलोहून थोडे अधिक पाणी पानांतून हवेत सोडत होते. त्यांचा ग्रंथ १७२७ साली निघाला. पुढे जर्मनीत एडुआर्ट स्ट्रासबुर्गर यांनी झाडांच्या खोडातील जिवंत पेशी विषाने मारून टाकल्या, तरी पाणी वर चढतच राहिले. ते काम १८९१ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे खोड पंपासारखे पाणी ढकलत नाही, हे ठरले. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी १९२३ साली निराळे मत मांडले होते की जिवंत पेशी स्पंदन करून रस वर चढवतात. पण पुढच्या संशोधनाने ते मान्य केले नाही.

आज मान्य असलेला खुलासा डिक्सन आणि जोली या दोघांनी १८९४ साली दिला. पानाच्या पाठीवर अतिशय बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ होते. एक थेंब गेला की तो मागच्या थेंबाला ओढतो, कारण पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. पानापासून मुळापर्यंत पाण्याची जणू एक अखंड दोरी ताणलेली असते आणि सूर्य ती वरून ओढत असतो. जलवाहिनीच्या भिंती कठीण का, हेही यावरून कळते. त्या लवचिक असत्या तर या ओढीने चपट्या झाल्या असत्या.

मात्र या दोरीत हवेचा बुडबुडा शिरला की ती तुटते. म्हणूनच वेदीवर ठेवायची निशिगंधाची किंवा गुलाबाची फुले लवकर माना टाकत असतील तर दांड्याचे टोक पाण्याखाली धरून पुन्हा तिरपे कापावे. हवा शिरलेला तुकडा निघून जातो आणि फुले अधिक टिकतात. रोपांचेही तसेच आहे. तरवा किंवा भाजीची रोपे उपटताना मुळांवरचे बारीक केस तुटतात, आणि पाणी शोषण्याचे मुख्य काम तर त्यांचेच. भर दुपारी लावणी केली तर वरून ओढ जोरात आणि खालून पुरवठा नाही. म्हणून मिरची, वांगी, टोमॅटो यांची रोपे उन्हे कलल्यावर लावावीत, असे आपले वाडवडील सांगत. त्यांचे सांगणे शास्त्राला धरूनच होते.

पाणी साचलेल्या शेतात मिरची सुकते, याचे नवल वाटते. मुळांना श्वासासाठी हवा लागते. ती मिळाली नाही की मुळे काम थांबवतात आणि पाण्यात उभे राहून झाड तहानेने सुकते. मग भात कसे तगते? भाताच्या पानांत, खोडात आणि मुळांत हवेचे पोकळ मार्ग असतात. त्यांतून वरची हवा थेट चिखलातील मुळापर्यंत पोचते. ही सोय मिरचीला नाही.

एक दल आणि दोन दले

फुले येणाऱ्या वनस्पतींचे दोन मोठे भाग पडतात. आंबा, काजू, फणस, तूर, भुईमूग, वांगी, मिरची ही द्विदल. नारळ, पोफळ, केळ, ऊस, बांबू, भात, मका ही एकदल. फरक नुसत्या बियांचा नाही. आतल्या पाटांच्या मांडणीचाही आहे.

द्विदल झाडात पाट वर्तुळात मांडलेले असतात, लाकूड आत आणि साल बाहेर, मध्ये वाढीचा थर. एकदल झाडात पाण्याच्या आणि अन्नाच्या नळ्यांच्या जुड्या असतात आणि त्या सबंध खोडभर विखुरलेल्या असतात. उसाचे कांडे आडवे कापून पाहावे, ठिपके ठिपके दिसतात. तो प्रत्येक ठिपका म्हणजे एक जुडी. सालीकडे त्या दाट असतात म्हणून ऊस सोलताना बाहेरचा भाग टणक लागतो. मधल्या मऊ पेशींत साखर साठते. ऊस चघळल्यावर जे धागे थुंकतो ते त्या जुड्यांचेच.

एकदल झाडात तो दुरुस्तीचा, वाढीचा थर नसतो. यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, माडाला किंवा केळीला कलम बांधता येत नाही. कलम जुळते ते दोन्ही काड्यांचे वाढीचे थर एकमेकांना भिडल्यामुळे. जेथे थरच नाही तेथे भिडायचे काय?

दुसरी, माडाची जखम कधीच भरून येत नाही. आंब्याच्या खोडावर कोयता लागला तर काही वर्षांत कडा सुजून जखम झाकली जाते. माडावर चढण्यासाठी पाडलेल्या खाचा मात्र झाड पडेपर्यंत तशाच राहतात. पाट सबंध खोडात विखुरलेले असल्यामुळे खाचांनी माड लगेच मरत नाही, हे खरे. पण अशाच जखमांत सोंड्या भुंगा अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या आतून खोड पोखरतात. तेव्हा खाचा पाडू नयेत, चढण्याचे यंत्र किंवा दोर वापरावा. हिरव्या झावळ्या खोडालगत ओरबाडू नयेत.

तिसरी, माडाचे खोड एकदा बारीक राहिले की नंतर खत घालून जाड होत नाही. त्याची जाडी तरुणपणी शेंड्याशीच ठरते. पहिल्या काही वर्षांत माडाकडे दुर्लक्ष केले तर त्याची खूण खोडावर जन्मभर राहते.

कलम जुळते ते कसे

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत जेझुइट मिशनऱ्यांनी आंब्यावर कलमाची कला वापरली, असे फळबागांच्या इतिहासात सांगतात. मानकुराद, मुसराद, फर्नांदिन ही नावे आजही आपल्या तोंडी आहेत. त्यांचे गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते कलमांमुळे. काजूही पोर्तुगिजांबरोबरच ब्राझीलहून आपल्याकडे आला. आज वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जाती मृदुकाष्ठ कलमानेच वाढवतात.

कलम बांधताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. काडी आणि खुंट यांची जाडी सारखी असावी. ती सारखी नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला तंतोतंत भिडवावी. मध्यभागी बसवलेली काडी दिसायला सुबक दिसते, पण तिचे दोन्ही थर चुकतात आणि ती मरते. काप धारदार चाकूने एका झटक्यात द्यावा. बोथट चाकूने चिरडलेल्या पेशी जुळत नाहीत. आणि पट्टी घट्ट बांधून आत हवा व पाणी शिरू देऊ नये, कारण जोड होईपर्यंत काडी आपल्या ओलाव्यावरच जगत असते.

सगेसोयरे पाहूनच जोड जमते, हेही लक्षात ठेवावे. आंब्यावर आंबा जमतो, वांग्यावर टोमॅटो जमतो, कारण ती एकाच कुळातील आहेत. आंब्यावर फणस कधी जमणार नाही.

गोड रस कोठून येतो

माडाची पोय बांधून, हलके ठोकून, टोक तासून रेंदेर सूर काढतो. तो रस म्हणजे अन्नाच्या पाटातला रस होय. फुलांकडे आणि पुढे नारळांकडे जाणारी साखर तो वाटेतच मडक्यात उतरवून घेतो. ताज्या रसात शेकडा पंधराच्या आसपास साखर असते. म्हणूनच त्यापासून माडाचा गूळ होतो आणि ठेवला तर तो लगेच आंबतो. ज्या पोयीचा रस काढला तिला नारळ धरत नाहीत, कारण तिची शिदोरी मडक्यात गेली.

हा रस का वाहतो, याचा खुलासा जर्मनीतील अर्न्स्ट म्युंख यांनी १९३० साली मांडला. पानांत साखर भरली की पाणी तिकडे ओढले जाते आणि तेथे दाब वाढतो. फळात किंवा मुळात साखर खर्च होते, तेथे दाब कमी होतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे रस वाहतो. यावरून शेतकऱ्याने एवढे घ्यावे की पाने हेच कारखाने आहेत. बटाट्याचा किंवा रताळ्याचा पाला वेळेआधी कापला, किंवा करप्याने गेला, तर कंद भरायचे कशाने?

परक्याच्या पाटावर जगणारे

आंब्यावरचे बांडगूळ हिरवे असते, स्वतःची साखर स्वतः करते, पण पाणी मात्र आंब्याच्या जलवाहिन्यांत मूळ खुपसून चोरते. अमरवेल त्याहून पुढे जाते. तिला हिरवी पाने नाहीत, म्हणून ती पाणी आणि अन्न दोन्ही चोरते. बांडगूळ नुसते वरवर छाटून उपयोग नाही. त्याचे मूळ फांदीच्या आत राहते आणि पुन्हा फुटते. ते जेथे चिकटले असेल तेथून काही अंतर खोडाच्या बाजूला सरकून फांदीच कापावी, आणि हे काम बांडगुळाला फळे येण्यापूर्वी करावे. नाहीतर पक्षी त्याचे बी दुसऱ्या झाडावर नेतात.

भातातील आणि उसातील खोडकिडाही पाटच तोडतो. वाढत्या रोपात त्याने आतला पोंगा कुरतडला की मधले पान वाळते आणि ओढल्यावर सहज हातात येते. भात निसवल्यावर त्याने खोड कुरतडले तर लोंबी पांढरी पडते आणि दाणा भरत नाही. अशी लोंबी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

पाट तुंबतो तेव्हा

वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा यांवर येणारा मर रोग आपल्याकडील आम्ल आणि ओल्या जमिनीत फार नुकसान करतो. काल हिरवे असलेले रोप आज दुपारी माना टाकते, संध्याकाळी थोडे सावरते, आणि दोन-चार दिवसांत जाते. आपण म्हणतो, पाणी कमी पडले, आणि आणखी पाणी देतो. खरे म्हणजे पाणी जमिनीत आहे, पण पाट तुंबला आहे. जमिनीतील जिवाणू मुळाच्या जखमेतून जलवाहिनीत शिरतात, तेथे वाढतात आणि चिकट द्रवाने नळी बंद करतात.

याची घरगुती परीक्षा सोपी आहे. मलूल झालेल्या रोपाचे बुंध्याजवळचे खोड कापून चार-पाच बोटे लांबीचा तुकडा घ्यावा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन तो तुकडा वरून असा धरावा की कापलेले टोक पाण्यात बुडेल. पाणी हलवू नये. काही मिनिटांत टोकातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले तर ती जिवाणूंची मर समजावी. धागे निघाले नाहीत आणि खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसल्या, तर बहुधा ती बुरशीची मर असते. तुरीवरील आणि केळीवरील मर अशीच बुरशीने होते.

जिवाणूंची मर लागलेले रोप औषधाने बरे होत नाही. तेव्हा दुकानदार जे देईल ते फवारून पैसे घालवू नयेत. करायचे ते असे: मेलेली रोपे मुळांसकट आणि भोवतालच्या मातीसकट काढावीत. त्या वाफ्याचे पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नये. खुरपणी करताना मुळे दुखवू नयेत. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा यांपैकी एकामागून दुसरे असे पीक त्याच जागी घेऊ नये. मध्ये भात किंवा मका घ्यावा. माती तपासून आम्लता जास्त असेल तर चुना घालावा. रोगाला दाद न देणाऱ्या जाती लावाव्यात. टोमॅटोत बंगळूरच्या संस्थेची अर्का रक्षक ही त्यांपैकी एक. रानटी वांग्याच्या खुंटावर वांगी किंवा टोमॅटोचे कलम करून लावण्याची रीतही आता रुळली आहे. तुरीच्या मरीसाठी ज्वारीचे आंतरपीक किंवा फेरपालट उपयोगी पडते.

पाने वाचायला शिकावे

काही क्षार जुन्या पानातून निघून अन्नाच्या पाटाने नव्या पानाकडे जाऊ शकतात, काही जाऊ शकत नाहीत. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम जाऊ शकतात. त्यांची तूट पडली की झाड जुन्या पानांतून ते काढून कोवळ्यांना देते, म्हणून खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोह असे हलत नाही. त्याची तूट पडली की शेंड्याची नवी पाने फिकट होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या काळ्या रानात उसाला आणि भुईमुगाला असे पुष्कळदा होते. तेथे युरियाचे पोते ओतून भागत नाही.

चुन्यातील कॅल्शियम जवळजवळ केवळ पाण्याच्या पाटानेच चालते. टोमॅटोला कधी पाणी, कधी कोरड असे झाले की फळाच्या टोकापर्यंत ते पोचत नाही आणि फळाचे बूड काळे पडते. तेथे रोग नसतो. नियमित पाणी हाच त्यावरचा उपाय.

आरोग्यासाठी एक गोष्ट

काही औषधे पानावर राहतात, काही आत शिरून पाटांतून सबंध झाडात फिरतात. माडाला पेन्सिलीएवढे जाड, तांबूस, जिवंत मूळ तिरपे कापून औषधाच्या पिशवीत बुडवून देतात, ते जलवाहिन्यांतून शेंड्यापर्यंत जाते. अशा औषधापूर्वी पक्के नारळ उतरवून घ्यावेत आणि सांगितलेली मुदत संपेपर्यंत शहाळे काढू नये. भाजीत आत शिरलेले औषध पाण्याने धुऊन निघत नाही. ते जिरायला दिवसच लागतात. म्हणून डब्यावर लिहिलेले दिवस मोजावेत, आपल्या घरच्या ताटासाठीही आणि बाजारात विकण्यासाठीही. त्यात कसूर केली तर त्याचा त्रास लेकराबाळांना होतो.

काजूसाठी एवढे करावे

आरंभी सांगितलेल्या रोठ्याकडे पुन्हा वळू. त्याची मादी बहुधा बुंध्यापासून मीटरभर उंचीपर्यंतच्या सालीच्या भेगांत आणि उघड्या पडलेल्या मुळांवर अंडी घालते. म्हणून बुंध्याशी वाढलेले गवत काढून महिन्यातून एकदा प्रत्येक झाडाचा बुंधा पाहावा. डिंक किंवा भुसा दिसला की साल तेवढीच उचलून, बोगद्याचा माग काढून अळी बाहेर काढून मारावी आणि जागा स्वच्छ करून कृषी खात्याने सांगितलेले औषध बोळ्याने लावावे. साल काढताना निरोगी सालीला इजा करू नये. तीच झाडाला वाचवणार आहे. उघड्या मुळांवर माती ओढावी.

सालीचा अर्ध्याहून अधिक घेर खाल्ला गेला असेल आणि पाने पिवळी पडली असतील, तर ते झाड वाचत नाही. माया करून ते ठेवले तर त्यातील किडे बाहेर पडून शेजारची झाडे धरतात. असे झाड मुळासकट काढून, आतील अळ्या-कोश मारून, लाकूड बागेबाहेर न्यावे. एक झाड वेळेवर काढले तर दहा वाचतात.

येत्या आठवड्यात कोयता आणि सुरी घेऊन आपल्या बागेतून एक फेरी मारा. किती झाडांना तार रुतली आहे, किती कलमांची पट्टी सोडायची राहिली आहे, कोणत्या बुंध्याशी भुसा पडला आहे, हे पाहा. मुलांनाही बरोबर न्या आणि उसाच्या कांड्यातले ठिपके व आंब्याच्या डहाळीचे वर्तुळ त्यांना दाखवा. शाळेच्या पुस्तकातील धडा त्यांना आपल्या शेतात सापडेल, आणि बागेवर लक्ष ठेवायला चार डोळे अधिक मिळतील.